मोठ्या माणसांनी सोंग कसं घ्यावं

गेल्या वर्षी ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी काजळाने मिशी काढली. काकूंचं वय ७१. त्याआधी तासभर त्यांचं एकच पालुपद चाललं होतं, ‘मला नको गं, माझं काय आता वय राहिलंय का?’ मग डोक्याला फेटा बांधला, खांद्यावर उपरणं टाकलं, हातात काठी दिली. काकू आरशासमोर उभ्या राहिल्या, मिशीला पीळ दिल्यासारखं केलं आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, ‘घरात कुणी पाणी आणतंय का?’

हशा पिकला. दोघीजणी खरोखरच पाणी आणायला धावल्या. काकू वरून घटाघटा पाणी प्यायल्या, खुर्चीत टेकल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, ‘सासऱ्यांचं हे वाक्य चाळीस वर्षं ऐकलं. एकदा आपण म्हणून बघायचं राहिलं होतं.’

मी सांगलीची. प्राथमिक शाळेत २६ वर्षं शिकवलं आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी गॅदरिंगची वेशभूषा माझ्याच गळ्यात असायची. मुलांना ससा, भाजीवाली, शिवाजी, झाड असं काय काय केलं. वर्गात तोंड न उघडणारं पोर कागदी शेपूट लावली की स्टेजवर उड्या मारतं, हे इतक्यांदा पाहिलं की त्याचं नवल वाटेनासं झालं. निवृत्तीनंतर आमच्या इमारतीतल्या मोठ्या माणसांसाठी महिन्यातून एक सोंगाची संध्याकाळ सुरू केली, तिला आता सहा वर्षं होतील. तेव्हा कळलं की मुलांपेक्षा ही गरज मोठ्यांना जास्त आहे, आणि त्यांना ती मागता येत नाही. या सहा वर्षांत काय जमलं, काय फसलं ते इथे क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला तुमच्या घरी करता येईल.

आधी एक फरक लक्षात घ्या

नटणं वेगळं आणि सोंग घेणं वेगळं. लग्नकार्यात आपण नटतो तेव्हा मनात सतत एक परीक्षा चालू असते. साडी चापूनचोपून बसली का, पोट दिसतंय का, जावेचा हार माझ्यापेक्षा भारी आहे का. आहोत तसेच, पण जास्त चांगले दिसायचा तो प्रयत्न असतो. त्यातही आनंद आहे, पण दमणूकही आहे. सोंगात चांगलं दिसायचंच नसतं, दुसरं कुणीतरी व्हायचं असतं. मिशी काढलेल्या बाईला कुणी ‘तुझं वजन वाढलंय’ म्हणत नाही. परीक्षाच रद्द होते. मनाला मोकळं करणारी गोष्ट आहे ती ही.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. संत एकनाथांच्या भारुडांत जोशी येतो, वासुदेव येतो, आंधळा, बहिरा, मुका येतो, आणि ती सोंगं मोठी माणसंच वठवतात. कोकणात शिमग्याच्या खेळ्यांत संकासुर असतो, बाईचं सोंग घेतलेली गोमू असते. गोव्यात शिगमो म्हणजे तिथला शिमगा आणि इंत्रुज म्हणजे कार्निव्हल, दोन्ही आहेत. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात लाकडी-कागदी मुखवटे चढवून माणसं रात्रभर नाचतात. मंगळागौरीत सासू-सुनेचं, सवतींचं भांडण खेळून दाखवतात. नव्या सुनेला सासूसमोर सासूचीच नक्कल करायला मिळायची अशी ती एक रात्र, आणि ती कॅलेंडरात राखून ठेवलेली! ही सोय करणाऱ्या बायका फार शहाण्या होत्या, असं मला नेहमी वाटतं. आता मंगळागौरीला बऱ्याच ठिकाणी पैसे देऊन ग्रुप बोलावतात. ग्रुपच्या बायका छान खेळतात, पण घरातल्या बायका खुर्चीत बसून मोबाइलवर चित्रीकरण करतात. माझं म्हणणं एवढंच, की खुर्चीतून उठा.

याने नेमकं काय होतं

शास्त्रज्ञांनी काय पाहिलंय तेही सांगते, पण जेवढ्यास तेवढंच. हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या दोघांचा २०१२ सालचा एक प्रयोग पुष्कळ गाजला. एकच पांढरा कोट काहींना ‘डॉक्टरचा’ म्हणून घालायला दिला, काहींना ‘चित्रकाराचा’ म्हणून. डॉक्टरचा समजून घालणाऱ्यांचं लक्ष जास्त एकाग्र राहिलं. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्यांनी त्यातला एक प्रयोग जास्त माणसं घेऊन पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. म्हणून ‘कपडे बदला, मेंदू बदलेल’ असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर सावध असा. २०१७ सालचा आणखी एक प्रयोग मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो मुलांवरचा आहे. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं. जी मुलं बॅटमॅनसारखं आवडीचं पात्र बनून ‘बॅटमॅन नीट काम करतोय का?’ असं स्वतःला विचारत होती, ती ‘मी नीट काम करतोय का?’ विचारणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वेळ टिकली. स्वतःपासून दोन पावलं लांब उभं राहिलं की अवघड गोष्ट झेपते, हे त्यातलं सार. मोठ्यांवर तो प्रयोग नव्हता, पण काकूंच्या मिशीत मला तेच दिसलं. सासऱ्यांचा राग ‘मी’ म्हणून त्यांना कधीच बोलता आला नसता.

दुसरी गोष्ट तयारीची. मन मलूल असतं तेव्हा ‘बरं वाटलं की करू’ असं आपण म्हणतो आणि बरं वाटत नाही. मानसोपचारात उलटा रस्ताही वापरतात: आधी छोटी कृती करायची, मूड मागून येतो. पेटी उघडणं, उपरणं झटकणं, टिकली शोधणं या अशाच छोट्या कृती आहेत.

तिसरी गोष्ट स्पर्शाची, तिच्याकडे फेट्याच्या वेळी येते.

पायरी पहिली: एकट्याने, दहा मिनिटं, एकच वस्तू

पूर्ण पोशाखाच्या मागे लागू नका. घरात कुणी नसताना किंवा खोलीचं दार लोटून एकच परकी वस्तू अंगावर चढवा. नवऱ्याची गांधी टोपी, आजीची नथ, मुलीचा गॉगल, वडिलांचा जुना कोट, काहीही. आरशासमोर उभं राहा आणि आधी चाल बदला, मग आवाज. कोट घातला म्हणून बोलायची घाई करू नका. खोलीत चार येरझाऱ्या घाला. खांदे कुठे जातात बघा, हात खिशात जातो का बघा. शरीराला कळलं की वाक्य आपोआप सुचतं.

एकच वाक्य मोठ्याने म्हणा. मग वस्तू काढून जागेवर ठेवा. पहिल्या दिवशी इतकंच.

लाज वाटेल, आणि वाटू दे. ‘या वयात हे काय सोंग!’ हे वाक्य आपण इतकं ऐकलेलं असतं की ते आपल्याच आवाजात आतून ऐकू येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो आवाज बराच बारीक होतो.

पायरी दुसरी: सोंग निवडणं

‘तुम्हाला काय व्हायला आवडेल?’ असं विचारलं तर मोठी माणसं गप्प बसतात. मी तीन वेगळे प्रश्न विचारते.

कुणासारखं बोलायची तुम्हाला कधीच मुभा नव्हती? यातून सासरे निघतात, हेडमास्तर निघतात, भांडकुदळ भाजीवाली निघते. घरात आयुष्यभर पड खाल्लेल्या माणसाला हे सोंग फार मानवतं.

तुमच्या आयुष्यातलं काय मागे पडलं? वयाच्या तेराव्या वर्षी कथ्थक सोडलेली बाई घुंगरू बांधते. कबड्डी खेळणारा माणूस गुडघ्याला पट्टा बांधून का होईना, पण जर्सी चढवतो. हे सोंग जरा जपून घ्यायचं, कारण त्यात रडू येतं. आलं तर येऊ द्यावं, जवळ कुणीतरी असावं.

आणि तिसरा प्रश्न, ज्याला काही अर्थ नाही असं काय व्हाल? वांगं, चतुर्थीचा चंद्र, सांगलीहून सुटलेली उशिराची एसटी. आमच्याकडे एकजण एसटी झाले होते. दोन्ही हातांत ताटं धरून आरसे केले आणि अर्धा तास ‘मिरजवाले पुढे सरका’ म्हणत घरभर फिरले. ज्यांच्या मनावर फार ओझं आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी. वांग्याला भूतकाळ नसतो.

काही सोंगं मात्र घेऊ नयेत. कुणाची जात, कातडीचा रंग, अपंगत्व, वेडाचा झटका किंवा गरिबी हा गमतीचा विषय करायचा नाही. भारुडातला आंधळा-बहिरा हा माणसाच्या आतल्या आंधळेपणावर बोट ठेवतो, ती आंधळ्या माणसाची चेष्टा नाही; हे पेलत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. तृतीयपंथीयांची टाळ्या वाजवून केलेली नक्कलही आमच्याकडे बंद आहे. बाई पुरुष होते, पुरुष बाई होतो, ते छानच आहे. बालगंधर्वांची लुगडी नेसण्याची, दागिने घालण्याची ढब पाहून घराघरांतल्या बायका तसं नटू लागल्या होत्या, इतका त्यात आदर होता. तो आदर हीच कसोटी: ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खोलीत असता तर तो हसला असता का?

हेही सांगायला हवं, की बहुरूपी समाजासाठी सोंग हे पोट आहे. पोलिसाच्या वेशात दारात येऊन खोटं वॉरंट वाचणारे बहुरूपी लहानपणी आपण सगळ्यांनी पाहिलेत. आता कधी आले तर दार लावून घेऊ नका, बिदागी द्या आणि ते आवाज कसा लावतात ते कान देऊन ऐका. आपण मात्र पोलिसाच्या किंवा लष्कराच्या गणवेशात घराबाहेर पडू नये. सरकारी नोकर असल्याचं भासवून कुणाला फसवणं हा गुन्हा आहे, आणि रस्त्यावरच्या माणसाला आपला हेतू कपाळावर वाचता येत नाही.

पायरी तिसरी: पेटी भरणं

एक पत्र्याची ट्रंक किंवा मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या. पहिल्या वर्षी माझा खर्च हजाराच्या आतच राहिला, कारण बरंच सामान घरातून निघालं. उपरणी दोन, गांधी टोप्या चार, एक धोतर, एक जुना काळा कोट, काड्यांचा चष्मा काचा काढून, चापाची नथ (नाक टोचलेलं नसलं तरी बसते), मोत्यांची खोटी माळ, गंगावन, फेट्याचं कापड, काठी, रद्द झालेली छत्री, बिगूल. बाकीचं जुन्या बाजारात मिळतं. आणि प्रत्येक शहरात एखादा ड्रेसवाला असतोच, शाळेच्या गॅदरिंगला कपडे भाड्याने देणारा. जानेवारी-फेब्रुवारीत त्याला मान वर करायला वेळ नसतो. पावसाळ्यात गेलात तर तो निम्म्या भाड्यात देईल आणि टोप कसा बसवायचा तेही शिकवेल. भाड्याचे कपडे मात्र घरी आणल्यावर उन्हात टाका. टोप आणि मुकुट आतून पुसून, डोक्याला सुती रुमाल बांधूनच चढवा.

नऊवारी हवी असेल तर शिवलेली घ्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, ते नेसवायला जाणती बाई लागते आणि काष्टा सुटेल या धास्तीने निम्मी संध्याकाळ जाते.

पायरी चौथी: फेटा, आणि दुसऱ्याचा हात

सगळ्यांत जास्त वेळ मी इथे घालवते आणि तुम्हीही घालवावा. तयार, शिवलेला फेटा वापरू नका. पाच-सहा मीटरचं सुती कापड घ्या. ज्याला बांधायचा त्याला पाटावर किंवा खुर्चीवर बसवा आणि त्याच्या मागे उभे राहा. कापडाचं एक टोक पाठीवर दीड-दोन हात मोकळं सोडा, तो शेमला. तिथून कापडाला हलका पीळ देत ते डोक्याभोवती घ्या. एक फेर डाव्या कानावरून तिरका वर, पुढचा उजव्या कानावरून तिरका वर, म्हणजे कपाळावर पिळांची नक्षी एकमेकांवर चढत जाते. प्रत्येक फेराला तळहाताने दाबून बसवा, पण कपाळावर दोन बोटं जाण्याइतकी जागा ठेवा, नाहीतर अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं. शेवटचा हातभर भाग उरला की त्याच्या पंख्यासारख्या चुण्या करा, बूड आत खोचा, वरचा भाग फुलवा. झाला तुरा.

याला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत दुसऱ्या माणसाचे हात आपल्या डोक्यावरून, कानांवरून, कपाळावरून फिरत असतात. मोठ्या माणसाच्या डोक्याला शेवटचा हात कुणी कधी लावलेला असतो? आई असेपर्यंत तेल लागतं, मग न्हावी, मग डॉक्टर. एकट्या राहणाऱ्या एका आजोबांना मी पहिल्यांदा फेटा बांधला तेव्हा तिसऱ्या फेरालाच त्यांचे डोळे मिटले. मला वाटलं चक्कर आली. ते म्हणाले, ‘नाही, चालू दे.’ तेव्हापासून आमचा नियम आहे, आपला फेटा आपण बांधायचा नाही, आणि घाई करायची नाही. स्पर्श नको असेल त्याने तसं सांगायचं, त्याला टोपी मिळते, आणि का ते कुणी विचारत नाही.

पायरी पाचवी: तोंड रंगवणं

जितकं कमी तितकं बरं. काजळाची मिशी, कपाळावर चंद्रकोर, गालावर एक तीळ. वयस्क त्वचा पातळ असते, म्हणून कुठलाही रंग, गोंद किंवा स्पिरिट गम (खोट्या दाढी-मिश्या चिकटवायचा नटांचा गोंद) आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज आली, लाल झालं, तर सोडून द्या. टिकलीच्या मागच्या गोंदातल्या रसायनाने काही बायकांच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. ज्यांना तो त्रास झालाय त्यांना कुंकू लावा. ‘काळी मेंदी’ नावाने मिळते ती अजिबात नको, तिच्यात केसांच्या कलपातलं रसायन असतं आणि हात भाजल्यासारखे होतात.

उतरवायला खोबरेल तेल आणि जुनं मऊ सुती कापड. घासायचं नाही, तेल दोन मिनिटं राहू द्यायचं.

पायरी सहावी: माणसं आणि नियम

पाच जण पुरतात. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी पहिला हास्यक्लब सुरू केला तोही पाच जणांना घेऊनच. भिशीचा ग्रुप, हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, सकाळी फिरायला जाणारी मंडळी, यातून पाच जण निघतात.

माझा पहिला प्रयत्न पार फसला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मी शिक्षिकेच्या सवयीने स्पर्धा ठेवली. पहिला नंबर, दुसरा नंबर, स्टीलचे डबे बक्षीस. झालं, ज्यांच्याकडे भारी साड्या त्या नटून आल्या, बाकीच्या कोपऱ्यात बसल्या. वर कुणीतरी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. एका बाईंच्या दिरांचा रात्री फोन आला, ‘वहिनी, घरात कार्य व्हायचंय, हे काय चालवलंय?’ त्या बाई परत आल्या नाहीत. दोनदा जाऊन मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘तुमचं काही चुकलं नाही हो,’ आणि विषय बदलला.

तेव्हापासून बक्षीस नाही, नंबर नाही. मोबाइल दारातल्या टोपलीत. ज्याला फक्त बघायचंय त्याने एक वस्तू तरी अंगावर घालायची, म्हणजे नुसता प्रेक्षक कुणी राहत नाही. आणि इथे कोण काय बोललं ते बाहेर न्यायचं नाही.

फार लाजरी मंडळी असतील तर सगळ्यांना एकच वस्तू द्या. अमेरिकेत स्यू एलन कूपर यांनी १९९८ मध्ये रेड हॅट सोसायटी सुरू केली, तिथे पन्नाशी ओलांडलेल्या बायका जांभळे कपडे आणि लाल हॅट घालून एकत्र चहाला जातात. आपण कशाला शोभतोय का हा प्रश्नच उरत नाही, सगळ्याच सारख्या विचित्र दिसतात. आम्ही एकदा सगळ्यांना नथी दिल्या, पुरुषांनासुद्धा. त्या दिवशी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

पुरुष नेहमी सगळ्यांत शेवटी तयार होतात. त्यांना ‘सोंग घ्या’ म्हटलं की ते ‘मी खुर्च्या लावतो’ म्हणतात. मग त्यांना काम असलेलं सोंग द्यावं. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या एका काकांना मी पोस्टमन केलं. जुनी टोपी, खांद्याला झोळी. पुढच्या महिन्यात ते खरीच पोस्टकार्डं घेऊन आले. प्रत्येकाच्या नावाने चार ओळी लिहिल्या होत्या. बायकोच्या कार्डावर त्यांनी काय लिहिलं होतं ते आम्हाला माहीत नाही, त्यांनी ते वाचून पदरात ठेवलं.

आणि ज्यांना नटायची बंदी आहे त्यांना आधी बोलवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. हेरवाड आमच्यापासून फार लांब नाही. तरी आमच्या इमारतीत अजूनही हळदीकुंकवाला कुणाला वगळायचं हे न बोलता ठरतं. रंग, फूल, काकण काढून घेतलं की माणसाच्या मनाचं काय होतं, हे ज्यांचं काढून घेतलं त्यांना विचारा. सोंगाची गंमत अशी, की ‘हे खरं नाही, खेळ आहे’ म्हणत हिरवी बांगडी हातात चढते. पुढच्या वेळी ती काढायची की नाही हे त्या बाईने ठरवावं, आपण त्यावर भाषण देऊ नये.

पायरी सातवी: संध्याकाळ कशी जाते

आधी चहा, मग पेटी मधोमध उघडायची. अर्धा तास नुसता कपडे चाळण्यात, एकमेकांना चढवण्यात जातो, तो जाऊ द्यावा. तयार झाल्यावर एकेकाने खोलीबाहेर जाऊन सोंगातच आत यायचं. उंबऱ्यावर तीन सेकंद थांबायचं. बाकीच्यांनी त्याला सोंगाच्याच नावाने हाक मारायची, ‘या मामंजी, बसा’. ही हाक फार महत्त्वाची. सोंग निम्मं अंगावर असतं आणि निम्मं समोरच्याच्या वागण्यात. काकूंसाठी दोघी पाणी आणायला धावल्या नसत्या तर ती मिशी नुसतं काजळच राहिली असती.

प्रत्येक सोंगाला तीन प्रश्न: कुठून आलात, काय हवंय, आज कुणावर रागावलात? तिसऱ्या प्रश्नाला जे उत्तर येतं ते पुष्कळदा खरं असतं. त्यावर कुणी सल्ला द्यायचा नाही. पाचेक मिनिटं झाली की पुढचा.

पायरी आठवी: उतरवणं

हे न शिकवता कुणी करत नाही, आणि सगळं चांगलं-वाईट इथेच ठरतं. सोंग अंगावर ठेवून घरी जायचं नाही. गोल बसायचं, ज्याने चढवलं त्यानेच उतरवायचं. फेटा उलट्या क्रमाने सोडायचा, मिशीला तेल लावायचं, तोंड पाण्याने धुवायचं. मग आपलं खरं नाव मोठ्याने सांगायचं आणि एक वाक्य बोलायचं, की या सोंगातलं मी काय घरी नेतो आणि काय पेटीत ठेवतो. एका बाईंनी भांडखोर कोळीण केली होती. त्या म्हणाल्या, ‘शिव्या पेटीत ठेवते, पण भाव कमी करणार नाही हे घरी नेते.’ दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मुलाला सांगितलं म्हणे, की नातवाला सांभाळायला रविवारी येणार नाही.

कुणी रडलं, थरथरलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही. गरम पाणी, खाऊ, घरापर्यंत सोबत, आणि दुसऱ्या दिवशी एक फोन.

कधी थांबावं

घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर ओढून आणू नका. ज्याच्या शरीराशी कधी काही वाईट घडलंय त्याला कपडे बदलण्याचा, अंगाला हात लावण्याचा प्रसंग जड जाऊ शकतो, तिथे टोपी आणि आवाज एवढंच पुरे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांसमोर मुखवटे चढवू नका, ओळखीचा चेहरा एकदम गायब झाला की ते घाबरतात. त्यांना त्यांच्याच तरुणपणीचं जाकीट किंवा शालू हातात द्या, नुसता हात फिरवू द्या.

आणि कुणी एकाएकी फार भडक कपडे घालू लागलं, झोप दोन-तीन तासांवर आली, बोलणं थांबेना, पैसे उधळले जाऊ लागले, तर तो खेळाचा आनंद समजू नका, मनाच्या डॉक्टरांकडे न्या. उलट बाजूने, दोन आठवड्यांहून जास्त उदासी असेल, कशातच रस वाटत नसेल, जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर फेटा बाजूला ठेवा आणि टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन लावा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. सोंग त्या उपचाराच्या जागी बसत नाही. शेजारी बसू शकतं.

सुरुवातीला तारीख हवी असेल तर ५ नोव्हेंबर धरा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आमच्या सांगलीत या दिवशी नाटक उभं केलं, म्हणून तो मराठी रंगभूमी दिन. तो लांब असेल तर येणारा शनिवारही चालतो.

काकू त्या रात्री फेटा घरी घेऊन गेल्या. चार दिवसांनी आणून दिला तेव्हा धुऊन, खळ देऊन, कडक इस्त्री केलेला होता, आणि चुण्यांत एक चिठ्ठी होती: पुढच्या वेळी बिगूल माझ्यासाठी ठेव.